सव्वा लाखात साखरपुड्याची अंगठी : हिरा नेमका बघायचा कसा?

ऐरोलीकर | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत साखरपुडा आहे (माझाच, पुतण्याचा वगैरे नाही). अंगठीसाठी सव्वा लाख बाजूला ठेवलेत. हिऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही. आमच्या घरात आजवर हिरा म्हणजे आईची चमकी, आणि तीही अमेरिकन डायमंडची निघाली.

आज चार दुकानं पालथी घातली. ठाण्यात राम मारुती रोड, गोखले रोड, मग वाशीला सेक्टर १७. पहिल्याने ३० सेंटचा (शंभर सेंटचा एक कॅरेट) ईएफ-व्हीव्हीएस (हे रंगाचे आणि डागांचे ग्रेड म्हणे) दाखवला, म्हणाला "साहेब, एक नंबर माल." दुसऱ्याने जवळपास त्याच पैशात ५० सेंटचा, आयजे-एसआय. तिसऱ्याकडे सात बारीक खडे जोडून केलेला, लांबून एक कॅरेटचा वाटणारा. चौथा म्हणाला लॅबचा, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला घ्या, एक कॅरेट येईल आणि निम्मे पैसे खिशात राहतील.

चारही सारखेच चमकत होते हो! चौघेही तितक्याच आत्मविश्वासाने बोलत होते. पैशाचं चीज होईल असा खडा ओळखायचा कसा?

तलावपाळी | शनिवार, रात्री १०:५२

आधी अभिनंदन. सांत्वनाचा वेगळा धागा काढू.

मिसळ_कमी_तिखट | शनिवार, रात्री ११:०५

सव्वा लाखात मिसळ किती प्लेट येतील याचा हिशेब करत बसलोय. दही वेगळं धरू की त्यातच?

बारीक_चष्मा | शनिवार, रात्री ११:४८

अकरा वर्षं हिऱ्यांचं असॉर्टिंग, म्हणजे प्रतवारी केलीय. आधी ऑपेरा हाऊसला, २०१० ला बीकेसीचं भारत डायमंड बोर्स सुरू झाल्यावर तिकडे. आता डोळे थकले म्हणून सोडलं, आयडी त्यावरूनच घेतला.

ऐरोलीकर, चौघांपैकी कुणीही खोटं बोललेलं नाही. पण हापूस, पायरी, आमरसाचा डबा आणि मँगो आईसक्रीम समोर ठेवून "यातलं स्वस्त काय?" विचारल्यासारखं झालंय तुमचं.

चारही सारखे चमकले कारण दुकानातले दिवे त्यासाठीच लावलेले असतात. त्या स्पॉटलाइटखाली काचही नाचते. पुढच्या वेळी खडा खिडकीपाशी न्या, किंवा काउंटरखाली तळहाताच्या सावलीत धरून बघा. चांगला कट सावलीतही मेलेला दिसत नाही.

माझा क्रम सांगतो : कट, कट, मग रंग, मग क्लॅरिटी (आतले डाग किती कमी). वजन उरलेल्या पैशात. रंग आणि डाग निसर्ग देतो, कट तेवढा माणसाच्या हातात असतो आणि खडा त्यावरच जगतो. राउंडमध्ये प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर कट, पॉलिश, सिमेट्री तिन्ही एक्सलंट असलेलाच मागा, बाजारात 'ट्रिपल एक्स' म्हणतात. टेबल, म्हणजे वरचा सपाट पैलू, व्यासाच्या साधारण ५५ ते ५९ टक्के, खोली ६० ते ६२ च्या आसपास. खोल खड्याचं वजन पोटात लपलेलं असतं. पैसे ५० सेंटचे द्यायचे आणि वरून दिसायला ४५ चा. म्हणून मिलिमीटर विचारा. नीट कापलेला ५० सेंटचा राउंड ५.१ मिलिमीटरच्या आसपास भरतो, एक कॅरेटचा साडेसहाच्या जरा आत.

आता व्हीव्हीएस. याचा अर्थ दहापट भिंगातूनही जाणत्या माणसाला डाग शोधायला त्रास पडतो. व्हीएसमध्ये भिंगातून सापडतो, उघड्या डोळ्यांना नाही. तुमच्या होणाऱ्या सौभाग्यवती भिंग लावून भाजी निवडणार नसतील तर व्हीव्हीएसचे जादा पैसे कागदाचे पैसे. एसआयमध्ये, म्हणजे त्याच्या खालच्या पायरीवर, मात्र खडा बघितल्याशिवाय हो म्हणू नका. डाग कडेला असेल तर नखाखाली (खडा धरणाऱ्या सोन्याच्या आकड्याखाली) जातो, पण टेबलाच्या मधोमध काळा ठिपका (आम्ही 'नॅट्स' म्हणतो) असला की तोच दिसत राहतो.

रंगाची अक्षरं डीपासून सुरू होतात, पुढे जाल तसा पिवळसरपणा वाढतो. पिवळ्या सोन्यात बसवणार असाल तर एच, आयसुद्धा गोरा दिसतो. पांढऱ्या सोन्यात जीच्या खाली जाऊ नका. आणि "बीजीएम नको" असं स्पष्ट सांगा, म्हणजे तपकिरी, हिरवी किंवा दुधाळ झाक. हे बोलल्यावर दुकानदार तुमच्याकडे जरा नीट बघायला लागतो, हा वेगळाच फायदा.

नथवाली | रविवार, सकाळी ७:३०

बारीक_चष्मा, दंडवत. प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

तिसऱ्या दुकानातल्या प्रकाराला 'प्रेशर सेटिंग' म्हणतात. माझ्याकडे तशी आहे. पहिली दोन वर्षं खूप कौतुक झालं. मग खड्यांच्या मधल्या फटींत साबण आणि कणीक जाऊन बसायला लागली, आणि सातांतला एक खडा कुठे पडला ते कळलंच नाही. बिलावर "५० सेंट" असलं तरी ते सातांचं मिळून असतं आणि छोट्या खड्यांचा कॅरेटचा भाव बराच कमी असतो. दिसायला हवी तर जरूर घ्या, पण ५० सेंटच्या एका खड्याशी तिची तुलना नको.

भौतिक_मास्तर | रविवार, सकाळी ९:१५

कटबद्दल पुरवणी. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२. त्यामुळे क्रांतिक कोन जेमतेम साडेचोवीस अंश. आत शिरलेला प्रकाश तळाच्या पैलूंवर यापेक्षा तिरका आदळला की बाहेर पडूच शकत नाही, आतल्या आत परावर्तित होऊन वरून, तुमच्या डोळ्यांत येतो. तळाचा कोन चुकला की प्रकाश खालून गळतो. फार खोल खडा मध्ये काळवंडतो, फार उथळ खड्यात टेबलाच्या आत राखाडी वर्तुळ दिसतं. राउंड ब्रिलियंटचं हे गणित १९१९ मध्ये मार्सेल टोलकोव्स्कीने मांडलं, आजचे ५७-५८ पैलूंचे खडे त्याच वाटेने जातात.

अवांतर : ऐरणीवर ठेवून घण मारला तरी खरा हिरा फुटत नाही, हा समज घरी तपासू नये. कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. हिऱ्यावर ओरखडा फक्त हिराच उमटवतो, पण ठरावीक प्रतलांत तो सहज दुभंगतो. तसा दुभंगतो याचा फायदा कारागीरही घेतात.

तलावपाळी | रविवार, सकाळी ९:२०

मास्तर, दहावीला तुम्ही असतात तर मी आज असा नसतो.

सेक्टर_सतरा | रविवार, दुपारी १२:१०

सगळे नैसर्गिक खड्यावरच का बोलताय? चौथ्या दुकानदाराचं ऐका. लॅबचा हिरा म्हणजे हिराच, कार्बनच. बनवायची पद्धत सीव्हीडी असो की एचपीएचटी, रचना तीच, काठिण्य तेच, चमक तीच. जून २०२३ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या फर्स्ट लेडीला साडेसात कॅरेटचा लॅबचाच दिला होता. मी गेल्या वर्षी बायकोसाठी एक कॅरेट घेतला, एफ-व्हीएस१, नुसता खडा तिसेक हजारात. नैसर्गिक असता तर मला ईएमआय लावावा लागला असता. कुणालाही फरक कळत नाही.

नथवाली | रविवार, दुपारी १२:३२

आणि मोडायला न्याल तेव्हा?

सेक्टर_सतरा | रविवार, दुपारी १२:३५

साखरपुड्याची अंगठी मोडायच्या हिशेबाने कोण घेतं, ताई?

हिशेबनीस | रविवार, दुपारी १:५०

मी घेतो. प्रत्येक गोष्ट त्याच हिशेबाने घेतो, बायको वैतागते.

दोघांचंही बरोबर आहे. लॅबचे भाव सतत उतरलेत. डी बिअर्सने २०१८ मध्ये 'लाइटबॉक्स' हा लॅबच्या हिऱ्यांचा ब्रँड काढला तेव्हा कॅरेटला ८०० डॉलर हा भाव स्वस्त म्हणून गाजला होता. २०२५ मध्ये त्यांनीच तो बंद करायचं जाहीर केलं. जी वस्तू कारखान्यात हवी तितकी बनते तिला जुन्या बाजारात कोण विचारणार? पण नैसर्गिक खडा म्हणजे गुंतवणूक, असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडूनही काही घेऊ नका. दुकानाबाहेर पाऊल टाकलं की किरकोळ ग्राहकाचे बरेच पैसे गेले असं धरून चाला. सोनं मोडीत जातं, हिरा सहसा त्याच दुकानात बदलीत जातो, तोही त्यांच्या अटींवर. म्हणून त्या अटी घेण्याआधी लेखी घ्या. "आपलंच दुकान आहे" ही अट नव्हे.

ऐरोलीकर | रविवार, दुपारी ३:००

डोकं गरगरतंय, पण आवडतंय. एक शंका. दुकानात पेनासारखं यंत्र टेकवून 'पीं' वाजवतात, ते वाजलं म्हणजे खात्री ना?

बारीक_चष्मा | रविवार, दुपारी ३:२५

नाही. ते पेन फक्त उष्णता किती भरकन वाहते ते बघतं. लॅबच्या हिऱ्यालाही वाजणारच, तो हिराच आहे. आणि साध्या पेनाला मोइसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा, तोही फसवतो. लॅबचा की खाणीतला, हे प्रयोगशाळेतली यंत्रं सांगतात, काउंटरवरचा माणूस नाही. म्हणून सुट्या खड्याला जीआयए किंवा आयजीआय या प्रयोगशाळांचा रिपोर्ट मागायचा. दुकानाने स्वतः छापलेलं गुळगुळीत कार्ड म्हणजे रिपोर्ट नाही. खड्याच्या कमरेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने रिपोर्ट नंबर कोरलेला असेल तर तो आय ग्लासमधून, म्हणजे भिंगातून, स्वतः वाचा आणि तिथेच मोबाइलवर त्या प्रयोगशाळेच्या साइटवर टाका. वजन आणि मिलिमीटर जुळले पाहिजेत.

एका रिपोर्टचा जी आणि दुसऱ्याचा जी यात कधीकधी एक पायरी डावंउजवं असतं. माझा कल जीआयएकडे, पण तो जुन्या सवयीचाही भाग असेल.

मिसळ_कमी_तिखट | रविवार, दुपारी ४:१०

मोइसनाइटवरून आमच्या भावाची कथा. ओळखीच्याच्या ओळखीच्याकडून "बाजारभावाच्या निम्म्यात" हिरा घेतला. बिल नाही, कागद नाही, वर 'पीं' वाजवून दाखवलं. पुढे दुसऱ्या सराफाने आय ग्लास लावली आणि म्हणाला, "मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतायत, हिऱ्यात अशा दिसत नाहीत." भावाचा चेहरा त्या दिवशी मीही दुहेरी पाहिला.

गंमत म्हणजे वहिनीला तो खडा आवडतो. हिऱ्यापेक्षा जास्त रंग फेकतो म्हणे. अजून घालते. फक्त भाऊ तिच्या हाताकडे बघत नाही.

खवट_काकू | रविवार, सायंकाळी ६:०२

दोन दिवस वाचतेय. आमच्या वेळी साखरपुडा म्हणजे खरोखर साखरेचा पुडा, साडी आणि ओटी. अंगठी आलीच तर सोन्याचं साधं वळं, तेही चुलत नणंदेच्या बोटाच्या मापाचं. 'हिरा कायमचा' ही टूम डी बिअर्सच्या जाहिरातीने १९४७ मध्ये अमेरिकेत काढली आणि आता नौपाड्यात पोरं कर्ज काढून हिरे घेतात. असो, हौसेला मोल नाही. घ्या.

पण इतक्या प्रतिसादांत एकानेही एक साधी गोष्ट विचारली नाही. ऐरोलीकर, मुलीला विचारलंत का? ती काय काम करते? अंगठी रोज घालणार की कपाटात ठेवणार?

ऐरोलीकर | रविवार, सायंकाळी ६:४०

काकू, पकडलंत. सरप्राइज द्यायचा बेत होता. ती दातांची डॉक्टर आहे, ठाण्यातच प्रॅक्टिस करते.

खवट_काकू | रविवार, सायंकाळी ६:४४

म्हणजे दिवसभर हातात ग्लोव्हज. आणि तुम्ही तिला उंच नखांवर उभा केलेला खडा देणार. शाब्बास.

तलावपाळी | रविवार, सायंकाळी ६:४६

काकूंचा कट ट्रिपल एक्स.

नथवाली | रविवार, सायंकाळी ७:२०

काकू, तुमच्या चरणांचा फोटो टाका.

ऐरोलीकर, हा मुद्दा खरंच मोठा आहे. माझी बहीण नर्स आहे. तिची चार नखांची अंगठी ग्लोव्हज फाडायची, ओढणीत अडकायची, शेवटी एक नख वाकलं. आता ती बंद कोंदणात करून घेतलीय, म्हणजे खड्याभोवती सोन्याची कड, बेझल. खाली बसकी, कुठे अडकत नाही. ड्युटीवर तीही काढूनच ठेवते म्हणा. लोकलमध्ये खडा तळहाताकडे फिरवून ठेवते, ठाणे-वाशी गाडीतल्या गर्दीत ही सवय बरी.

बारीक_चष्मा | रविवार, रात्री ९:३०

बंद कोंदण उत्तम. पिवळ्या सोन्याचं केलंत तर रंगात आणखी सूट मिळते. एच घ्या, आय घ्या. कडेचे बारीक डागही झाकले जातात. फक्त आधी सुटा खडा बघून निवडा आणि मग बसवायला द्या. बसवलेल्या खड्याचा रंग परमेश्वरालाही नीट सांगता येत नाही. पांढरा कागद दुमडून त्याच्या घडीत खडा पालथा ठेवा, टेबल खाली, आणि बाजूने बघा. शेजारी दुसरा एक खडा ठेवला की पिवळसरपणा लगेच कळतो.

आणि वजनातली युक्ती राहिली. हिऱ्याचा भाव वजनाबरोबर सरळ चढत नाही, पायऱ्या आहेत : ३०, ४०, ५०, ७०, ९० सेंट, एक कॅरेट. पायरी चढताना कॅरेटचाच भाव बदलतो. ५० ऐवजी ४६-४७ सेंटचा मिळाला तर व्यासात फरक ०.१ मिलिमीटरच्या आसपास, खिशाला मात्र चांगला कळेल. असे अडनिडे खडे कमी असतात, कारण कारागीर पायरीच्या वर राहायला बघतो. मागावे लागतात.

राउंडचा हट्ट नसेल तर ओव्हल बघा. कॅरेटला स्वस्त पडतो, बोटावर मोठा दिसतो. मधोमध फुलपाखरासारखी काळी सावली मात्र तपासा.

सेक्टर_सतरा | रविवार, रात्री १०:०५

म्हणजे लॅबचा घ्यायचाच नाही का? माझा मुद्दा सोयीस्करपणे बाजूला पडला.

बारीक_चष्मा | रविवार, रात्री १०:२०

अजिबात नाही. बोटावर मोठा खडा हवा असेल आणि पैसे परत येण्याची आशा सोडली असेल, तर लॅबचाच घ्यावा. फक्त लॅबचा म्हणून सांगून घ्यावा-द्यावा. माझ्या मुलीने लॅबचाच घेतलाय. अकरा वर्षं मी खाणीतल्या मालावर पोट भरलं, घरात आला तो कारखान्यातला. सांगायचं कुणाला?

हिशेबनीस | रविवार, रात्री १०:५५

बिलाचं राहिलं. चार ओळी वेगळ्या दिसल्या पाहिजेत : खडा, सोनं, घडणावळ, जीएसटी. "अंगठी, १ नग, इतके रुपये" असं बिल हातात आलं तर तिथेच परत करा. १८ कॅरेट सोन्यावर ७५० चा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळखक्रमांक हवा. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांवर तो बंधनकारक आहे, बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो.

आणि सोन्याचा भाव निव्वळ वजनावर लावलाय ना ते बघा. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. खड्याचं वजन वजा न करता सगळ्यावर सोन्याचा भाव लावणारे महाभाग आहेत. एका खड्यात रक्कम लहान दिसते, पण हिऱ्याचे पैसे दिल्यावर त्याच हिऱ्याला सोनं म्हणून पुन्हा पैसे का द्यायचे?

ऐरोलीकर | पुढचा रविवार, रात्री ९:१५

धागा वर काढतोय. सरप्राइजचा बेत सोडला, तिला सगळं सांगून टाकलं आणि हा धागाही दाखवला. तिने पहिला प्रश्न विचारला, "खवट काकू ठाण्यात कुठे राहतात?"

दोघं मिळून गेलो. सुटे खडे मागितल्यावर पहिल्या दोन दुकानांत "आमच्याकडे तयार डिझाइन्सच असतात" हे उत्तर. तिसऱ्याने पाच पाकिटं समोर ठेवली. मी "बीजीएम नको" म्हणालो. तो थांबला, एक पाकीट उचलून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि चहा मागवला. बारीक_चष्मा, हे तुमच्या खात्यावर.

खिडकी नव्हती, म्हणून दाराशी, रस्त्याच्या उजेडात जाऊन बघितले. सिक्युरिटीवाला पूर्ण वेळ आमच्या खांद्यावरून बघत होता, त्यालाही आमच्यासारखा दोन नंबरचाच आवडला. शेवटी ४१ सेंट, एच, व्हीएस२, ट्रिपल एक्स, जीआयए. ४७ सेंटचाही एक होता, पण एसआय२, आणि टेबलाखालचा ठिपका तिला भिंगाशिवाय दिसला. दातातली कीड शोधणारे डोळे आहेत, म्हणाली.

१८ कॅरेट पिवळं सोनं, बंद कोंदण, बसकं. एकूण वजन ३.२८२ ग्रॅम, निव्वळ सोनं ३.२००. खडा ५८,०००, सोनं ३५,२००, घडणावळ ६,५००. त्यावर ३ टक्के जीएसटी २,९९१. एकूण १,०२,६९१. बदलीच्या अटी बिलाच्या मागे शिक्क्यासकट लिहून घेतल्या.

हिशेबनीस | पुढचा रविवार, रात्री ९:२२

४१ सेंट म्हणजे ०.०८२ ग्रॅम. वजाबाकी बरोबर. बेरीजही बरोबर. डोळे पाणावले.

सेक्टर_सतरा | पुढचा रविवार, रात्री ९:३०

अभिनंदन. (तेवढ्यात दोन कॅरेटचा आला असता.)

तलावपाळी | पुढचा रविवार, रात्री ९:३१

यांना कुणीतरी चौथ्या दुकानात नोकरी द्या.

नथवाली | पुढचा रविवार, रात्री ९:५०

खूप छान! बोटाचं माप संध्याकाळी दिलंत ना? सकाळी गार पाण्याने बोटं आवळलेली असतात, तेव्हाच्या मापाची अंगठी मे महिन्यात घट्ट होते. बेझलची अंगठी नंतर मोठी करणंही जरा कटकटीचं असतं.

ऐरोलीकर | पुढचा रविवार, रात्री १०:०२

अरे देवा. सकाळी अकराला दिलं. उद्या क्लिनिक संपल्यावर परत जातो, अजून साचा झालेला नसेल.

खवट_काकू | पुढचा रविवार, रात्री १०:१५

जाताय तर जा. आणि ते बिल कसल्या कागदावर आहे? मशिनमधून येतो तसा गुळगुळीत कागद असेल तर शाई वर्षभरात उडते. दोन झेरॉक्स काढा, एक तिच्याकडे द्या. लॅमिनेट करू नका, गरम झालं की आख्खा कागद काळा होतो. आमच्या फ्रिजच्या बिलाचं झालंय.